औषध नव्हे, विष म्हणा

वर्षावास चालू आहे. संध्याकाळी विहारात 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. उपासक-उपासिका ओल्या छत्र्या दाराशी ठेवून बसतात. वाचन संपले की बायकांच्या बोलण्यात एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे उंदीर. पावसात गटारे तुंबली की उंदीर-घुशी घरात शिरतात. पोटमाळ्यावरचे कपडे कुरतडतात, तांदळाच्या डब्याचे झाकण सैल राहिले तर त्यात तोंड घालतात. मग घरातले कोणीतरी पोराच्या हातात नोट देऊन सांगते, "जा रे, नाक्यावरून उंदराचे औषध घेऊन ये."

आज या एका वाक्याबद्दल लिहायचे आहे. त्यात तीन चुका आहेत. विष आणायला आपण मुलाला पाठवतो. दुकानदार ते मुलाच्या हातात देतो. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपण त्या विषाला 'औषध' म्हणतो.

गावाकडेही फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. कोणी जीव दिला तर "औषध प्यायला" असे सांगतात. शब्दाचा परिणाम वागण्यावर होतो. ज्याला औषध म्हणतो ते आपण औषधासारखेच ठेवतो: आरशाखालच्या फळीवर, टूथपेस्टच्या शेजारी, नाहीतर ओट्याखाली कांद्या-बटाट्याच्या टोपलीजवळ. दहा बाय बाराच्या खोलीत दुसरी जागा तरी कुठे असते?

दोन मृत्यू, एकच वस्तू

2021 च्या सप्टेंबर महिन्यात धारावीतल्या एका तरुण मुलीने सकाळी झोपेच्या भरात टूथपेस्ट समजून उंदीर मारायच्या पेस्टने दात घासले. चव वेगळी लागली तशी तिने चूळ भरली. आई रागावेल या भीतीने तिने घरी लगेच सांगितले नाही, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. पोट दुखू लागल्यावर आधी साधे उपचार झाले. ती वाचली नाही.

2022 च्या जुलैत मालाडमध्ये एका तरुण गृहिणीने उंदरांसाठी टोमॅटोला विष लावून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी टीव्ही बघता बघता नूडल्स करताना तोच टोमॅटो चुकून कापून घातला. काही दिवसांनी तीही गेली.

दोन्ही बातम्या तेव्हा "विचित्र अपघात" म्हणून छापल्या गेल्या. मला त्यात विचित्र काहीच दिसत नाही. टूथपेस्टसारखी ट्यूब, टूथपेस्टसारखा लगदा, एकच फळी आणि एकच खोली. असा अपघात आपल्या कोणत्याही गल्लीत कोणत्याही सकाळी होऊ शकतो. दुर्दैव म्हणून सोडून दिले की पुढच्या घराची पाळी येते.

उंदरांसाठीच्या काही पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. त्याचा एक धर्म प्रत्येक घराला माहीत हवा. पोटात गेल्यावर पहिल्या दिवशी मळमळ, उलटी, पोटदुखी होते. मग एक-दोन दिवस माणसाला बरे वाटू लागते. घरचे म्हणतात, उतरले वाटते. पण त्याच दिवसांत विषाचा घाला यकृतावर पडत असतो. डोळे पिवळे दिसेपर्यंत उपचाराचा सर्वांत मोलाचा वेळ निघून गेलेला असतो. म्हणून थोडेसेच गेले असले, माणूस हिंडत-फिरत असला, तरी त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात नेलेच पाहिजे.

विक्रोळी आणि मालवणी विसरू नका

विषाचा प्रश्न उंदराच्या पेस्टपुरता नाही. 2004 च्या डिसेंबरात विक्रोळीत विषारी दारूने 80 हून अधिक माणसे गेली. 2015 च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत 100 हून अधिक गेली. दोन्ही वेळा मरणारे कोण होते? हातावर पोट असलेले: नाका कामगार, सफाई कामगार, रिक्षावाले, हमाल. दोन्ही वेळा दारूत मिथेनॉल होते. मिथेनॉल हे कारखान्यात वापरायचे रसायन. शरीरात गेल्यावर त्याचे फॉर्मिक ॲसिड होते. आधी डोळे जातात, मग जीव जातो. मालवणीच्या खटल्याचा निकाल 2024 साली लागला. चौघे दोषी ठरले, दहा जण सुटले. नऊ वर्षे लागली.

पंचशीलातले पाचवे शील आपण रोज म्हणतो. दारू सोडा हे सांगणे आपले कर्तव्य आहे, आणि ते आपण सांगत राहू. पण विक्रोळीनंतर अकरा वर्षांनी मालवणी घडले, याचा दोष फक्त पिणाऱ्याच्या माथी मारता येणार नाही. कारखान्याचे रसायन पिंपातून वस्तीच्या गुत्त्यापर्यंत पोचते, तेव्हा वाटेत कोणाचे तरी डोळे मिटलेले असतात. विष आपोआप चालत येत नाही. ते कोणी बनवतो, कोणी आणतो, कोणी विकतो. त्या प्रत्येक टप्प्यावर नोंद असेल तर ते अडवता येते. नोंद नसेल तर फक्त प्रेते मोजायची.

"ज्याला मरायचे तो मरणारच", हे खरे नाही

आता अवघड भागाकडे येतो. विषाने होणारे सगळे मृत्यू अपघाती नसतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे 2022 साली देशात 1,70,924 आत्महत्या झाल्या. त्यांपैकी 22,746 महाराष्ट्रात, म्हणजे सर्व राज्यांत जास्त. देशभरातल्या आत्महत्या करणाऱ्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा रोजंदारीवर जगणाऱ्यांचा होता. स्त्रियांमध्ये निम्म्याहून अधिक गृहिणी होत्या. आणि एकूण मृत्यूंपैकी सुमारे एक चतुर्थांश विषाने झाले होते. हे आकडे वाचताना आपली वस्ती डोळ्यांपुढे येते की नाही?

यावर वस्तीत एक ठरलेले उत्तर मिळते: "ज्याला मरायचे तो कसाही मरतो. एक वस्तू बंद केली तर दुसरी शोधेल." हे उत्तर शहाणपणाचे वाटते, पण ते चुकीचे आहे. आत्महत्येच्या अनेक प्रयत्नांत विचार मनात येणे आणि हात पुढे जाणे यांत फार थोडा वेळ असतो. कधी काही मिनिटे. भांडण झालेले असते, अपमान झालेला असतो, निकाल लागलेला असतो, सावकार दारात येऊन गेलेला असतो. ती घटका टळली की माणूस बहुतेक वेळा सावरतो. वाचलेल्यांपैकी बहुसंख्य पुढे आत्महत्येने मरत नाहीत. म्हणजे त्या घटकेला हाताशी काय होते, यावर जगणे-मरणे ठरते.

याचा सर्वांत मोठा पुरावा एका बौद्ध देशाने दिला आहे. श्रीलंकेत 1995 च्या सुमारास दर लाख लोकांमागे 47 आत्महत्या होत होत्या. जगातल्या सर्वांत वाईट आकड्यांपैकी तो एक होता. मरणारे बहुतेक खेड्यातले गरीब, आणि साधन म्हणजे शेतीचे कीटकनाशक. तिथल्या सरकारने आणि डॉक्टरांनी कोणत्या विषाने किती दगावतात याची रुग्णालयांतून नोंद घेतली. मग सर्वांत घातक विषे एकेक करून बंद केली. 1984 पासून सुरुवात, 1995 साली मोठी बंदी, 1998 साली एन्डोसल्फान, 2008 ते 2011 या काळात आणखी तीन. वीस वर्षांत आत्महत्येचे प्रमाण 70 टक्क्यांच्या आसपास घटले. 93,000 जीव वाचले असा अभ्यासकांचा अंदाज आहे. शेतीचे उत्पन्नही घटले नाही.

श्रीलंकेतल्या लोकांची दुःखे या वीस वर्षांत संपली नव्हती. तिथे यादवी युद्ध चालू होते, गरिबी होती. विष घेण्याचे प्रयत्नही थांबले नव्हते. पण जे विष हाती लागत होते ते पूर्वीइतके घातक नव्हते, म्हणून माणूस रुग्णालयातून जिवंत घरी येत होता.

श्रीलंकेचा आणखी एक अनुभव सांगण्यासारखा आहे. तिथे 180 गावांत एक प्रयोग झाला. काही गावांत विष ठेवायला घरोघरी कुलपाच्या पेट्या दिल्या, काही गावांत दिल्या नाहीत. 2017 साली निकाल आला: पेट्या दिलेल्या गावांत विषाच्या घटना कमी झाल्या नव्हत्या. याचा अर्थ कुलूप लावू नका असा नाही. लहान मुलांसाठी कुलूप हवेच. पण "लोकांनीच काळजी घ्यावी" एवढे बोलून सरकारला हात झटकता येणार नाहीत. घातक वस्तू बाजारातच आली नाही तर ती घरात येत नाही.

कोणी म्हणेल, आपली माणसे विषाने मरत नाहीत, अन्यायाने मरतात. बेकारी, कर्ज, नवऱ्याची दारू, वसतिगृहातली जात. खरे आहे. रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांची नावे आपण विसरलेलो नाही, विसरणारही नाही. तो लढा वेगळा नाही, पण लढायला माणूस जिवंत राहावा लागतो. अन्याय संपायला पिढ्या लागतील. दुकानातली ट्यूब हटवायला एक सरकारी आदेश लागतो.

कायदा आहे, नजर कोठे आहे?

1958 साली केरळमध्ये पॅराथिऑन हे कीटकनाशक आणि गव्हाचे पीठ एकाच जहाजातून नेले गेले. विष पिठात मिसळले आणि 100 हून अधिक माणसे दगावली. चौकशी आयोग बसला. पुढे 1968 चा कीटकनाशक कायदा आला. म्हणजे आपल्या देशातला विषांवरचा हा कायदाच गरिबांच्या भाकरीत विष गेल्यामुळे जन्माला आला आहे.

या कायद्याप्रमाणे विक्रीला परवाना लागतो. डब्यावर चौकोनी चिन्ह लागते. त्याचा खालचा भाग लाल असेल तर सर्वांत घातक, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. राज्य सरकारला एखादे कीटकनाशक 60 दिवसांसाठी तातडीने बंद करता येते. 2017 साली यवतमाळमध्ये फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हा महाराष्ट्र सरकारने हा अधिकार वापरला. त्याशिवाय 1919 चा विष कायदा आहे. कोणते विष कोणी, कोणाला, कसे विकावे याचे नियम करण्याचा अधिकार त्यात राज्याला आहे. तामिळनाडूने पिवळ्या फॉस्फरसच्या उंदीरनाशकावर कायमची बंदी घातली. केरळने 2011 साली अनेक घातक कीटकनाशके बंद केली. महाराष्ट्राला कोणी अडवले आहे?

मुंबईत तर आणखी गंमत आहे. कीटकनाशकांवर नजर ठेवायची ती कृषी खात्याने. घाटकोपरच्या डोंगरावर किंवा अंधेरीच्या चाळीत कृषी अधिकारी कशाला फिरकेल? दारूचे काम राज्य उत्पादन शुल्क खात्याचे. अन्न आणि औषधे अन्न व औषध प्रशासनाकडे. उंदीर मारण्याचे काम महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे. चार खाती आहेत, पण नाक्यावरच्या दुकानात टांगलेल्या ट्यूबकडे त्यांतले कोणीच बघत नाही. शिवाय हातगाडीवर पाण्याच्या जुन्या बाटल्यांत भरून विकले जाणारे ॲसिड आणि फिनेल आहेच. त्या बाटलीवर ना नाव, ना चिन्ह. तहानलेले पोर ती तोंडाला लावते.

ॲसिडहल्ल्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली आदेश दिला: विकणाऱ्याने नोंदवही ठेवावी, घेणाऱ्याचे फोटो ओळखपत्र बघावे, 18 वर्षांखालच्याला विकू नये. हा आदेश आपल्या गल्लीत किती पाळला जातो हे तुम्ही जाणता. पण निदान तत्त्व मान्य झाले आहे. तेच तत्त्व उंदराच्या विषाला का नाही?

आणि सर्वांत मोठी उणीव नोंदीची आहे. विषाचा रुग्ण रुग्णालयात आला की पोलीस केस होते. मृत्यू झाला तर व्हिसेरा कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. अहवाल पोलिसांच्या फायलीत लागतो. खून की नाही एवढे ठरले की फाईल बंद. कोणते विष होते, कोणत्या प्रकारच्या दुकानातून आले, त्या वॉर्डात या वर्षी अशा किती घटना झाल्या, ही बेरीज आपल्या आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावलेली मी तरी कधी पाहिली नाही. डेंग्यू-मलेरियाचे आकडे लागतात. मग विषाचे का नकोत? श्रीलंकेने बंदी घालण्याआधी मोजणी केली होती, हे विसरू नका.

विषाचा व्यापार आणि धम्म

अंगुत्तर निकायात भगवान बुद्धांनी उपासकाने करू नयेत असे पाच व्यापार सांगितले आहेत: शस्त्रांचा, प्राण्यांचा, मांसाचा, मद्याचा आणि विषाचा. सम्यक आजीविकेवर प्रवचन देताना आपण चौथ्या व्यापारावर पुष्कळ बोलतो, पाचव्यावर क्वचितच बोलतो. अडीच हजार वर्षांपूर्वी तथागतांनी विषविक्री ही उपजीविका म्हणून नाकारली, कारण विकणारा "मी फक्त विकले" असे म्हणून मोकळा होऊ शकत नाही.

आपल्यापैकी काहींची छोटी किराणा दुकाने आहेत, काहींचे बचत गट फिनेल भरून विकतात. त्यांना माझे आवाहन आहे. उंदराच्या पेस्टवर दोन-पाच रुपये सुटत असतील. ते सोडा. फिनेल विकायचे तर ठसठशीत नाव आणि धोक्याचे चिन्ह असलेल्या बाटलीत विका, पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच नाही. विहाराच्या कमिटीने दुकानदारांना भेटून हात जोडून एवढेच सांगावे: मुलांच्या हातात विष देऊ नका, आणि रडत आलेल्या, घाबरलेल्या माणसाला तर मुळीच देऊ नका. त्याला बसवा, पाणी द्या, घरी कळवा.

उंदरांचे काय, हा प्रश्न उरतोच. 2005 च्या महापुरानंतर लेप्टोने किती माणसे नेली हे मुंबईने पाहिले आहे. उंदीर नको हे खरेच. पण उंदीर येतो कचऱ्यामुळे आणि फुटक्या गटारामुळे. कचरा उचलणे, गटार झाकणे, बिळे बुजवणे हे महापालिकेचे काम आहे. 1916 या क्रमांकावर तक्रार करा, वॉर्ड कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या. महापालिकेचे काम आपण घरात विष ठेवून करायचे, हा सौदा आपल्या मुलांच्या जिवावर चालला आहे. घरात पिंजरा वापरा आणि धान्याला घट्ट झाकणाचे डबे.

भीती सोडा, वेळ गाठा

धारावीच्या मुलीने भीतीपोटी सांगितले नाही. अशी भीती मोठ्यांनाही असते. कोणी विष घेतले की घरचे आधी दार लावतात. पोलीस येतील, बदनामी होईल, मुलीचे लग्न मोडेल. म्हणून ते गल्लीतल्या दवाखान्यात नेतात, "काहीतरी खाण्यात आले" असे सांगतात. या खोट्याची किंमत जीव असते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिला शिक्षा करता येत नाही. पोलिसांची नोंद होईल, जबाब होईल, तेवढेच. आणि पोलीस केस असली तरी आधी उपचार करण्याचे डॉक्टरांचे कर्तव्य सर्वोच्च न्यायालयाने 1989 सालीच स्पष्ट केले आहे.

म्हणून विष पोटात गेल्याचा संशय आला तर:

उलटी करवू नका. मीठ-पाणी, दूध, तूप, लिंबू काही देऊ नका. ॲसिड, फिनेल, रॉकेल यांत उलटीने जास्त इजा होते.

108 ला फोन करा, किंवा मिळेल त्या वाहनाने मोठे रुग्णालय गाठा: राजावाडी, कूपर, सायन, कांदिवलीचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर रुग्णालय, जे जवळ असेल ते.

ट्यूब, डबा, बाटली, जे असेल ते सोबत न्या. डॉक्टरांना खरे सांगा.

माणूस बेशुद्ध असेल तर डाव्या कुशीवर झोपवा.

बरे वाटते म्हणून घरी आणू नका. डॉक्टर सोडतील तेव्हाच या.

आणि कोणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील, तुमच्या स्वतःच्या मनातही, तर 14416 या टेली-मानस क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येते. शेजारच्या घरात कोणी गप्प गप्प राहू लागले असेल तर सरळ विचारा, "जीव नकोसा झालाय का?" असे विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. उलट, कोणीतरी विचारले म्हणून माणूस बोलू लागतो. त्या काळात त्या घरातली विषे उचलून दूर ठेवा.

आपल्या मागण्या थोड्या आहेत. महाराष्ट्राने पिवळ्या फॉस्फरसचे उंदीरनाशक बंद करावे. घरगुती विषांची विक्री नोंदवहीशिवाय आणि 18 वर्षांखालच्यांना होऊ नये. सुटे ॲसिड-फिनेल बंद व्हावे. प्रत्येक वॉर्डात विषबाधेचे आकडे, नावे न देता, दर महिन्याला जाहीर व्हावेत. वर्षावासाच्या या तीन महिन्यांत प्रत्येक विहाराने एक अर्ज लिहून, सह्या घेऊन आपल्या वॉर्ड कार्यालयात आणि आमदारांकडे द्यावा. आश्विन पौर्णिमेपर्यंत अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत असे शंभर अर्ज गेले, तर उत्तर द्यावेच लागेल.

तोपर्यंत सुरुवात घरापासून करा. आज रात्री फळीवरची ती ट्यूब शोधा, आणि मुलांसमोर तिला तिच्या खऱ्या नावाने हाक मारा. ते औषध नाही, ते विष आहे.

जयभीम. नमो बुद्धाय.